पडद्याच्या अलीकडे

माझ्या हाताला नाव ठेवणारी बाई दापोडीत अजून जन्माला यायची आहे, असं दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी छातीठोक सांगायचे. आता सांगत नाही. लोक मात्र अजून म्हणतात, आणि मी त्यांना म्हणू देते.

काम माझं मालिशीचं. बाळाला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीचं अंग चोळायचं, शेक-शेगडी बघायची. दापोडीत रेल्वेलगतच्या गल्ल्यांपासून चिंचवडच्या बारा-बारा मजली सोसायट्यांपर्यंत सगळीकडे मी ‘सोजरमावशी’. पण माझा मूळ हात बसला तो कळा देणाऱ्या बाईच्या कमरेवर. माझी आई कळंबकडच्या एका खेड्यात सुईण होती. परकर-पोलक्यात होते तेव्हापासून मी तिच्यामागे हिंडले. आता बायका दवाखान्यात जातात, जायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण डॉक्टर मूल काढतात, कळ बाईलाच सोसावी लागते. तेव्हा कमरेवर एक जाणता हात असला तर ती सोसवते. त्यामुळे आमच्या गल्लीतली बाई रिक्षात बसायच्या आधी मला हाक मारायची आणि मी तिच्यासोबत दवाखान्याच्या दारापर्यंत जायची. आत सोडलं तर आतही.

हे सगळं जिच्यासाठी उपयोगी पडावं अशी मला एकच लेक, वर्षाली. आणि तिच्याच कमरेला हात लावायची मला बंदी.

त्या मंगळवारी सकाळी जावयाचा फोन आला. निरंजन चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. वर्षाली तिथंच पॅकिंगला होती, तिथंच जमलं त्यांचं. पोरगा सरळ आहे. मला मामी म्हणतो. म्हणाला, वर्षालीला महापालिकेच्या दवाखान्यात आणलंय, पहाटेपासून कळा येतायत, मम्मी सोबत आहे. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, “मामी, मी फोन केला हे तिला कळू देऊ नका. ती म्हणाली होती, सगळं झाल्यावर कळव.”

सगळं झाल्यावर. म्हणजे शेजारणीला कळवतात तसं. मी फोन ठेवला, डोक्याला फणी फिरवली आणि बसस्टॉप गाठला. तिच्या मनात नाही तर जाऊ नये, एवढी अक्कल मलाही आहे. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि माझा पीळ आधीपासून नको तेवढा.

बंदी का, ते सांगते. ते टाळून पुढचं काही सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्षालीला पहिल्यांदा दिवस राहिले होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला ती माझ्याकडे आली. फुलांची वाडी झाली, गल्लीतल्या बायका जेवून गेल्या, आणि संध्याकाळी ती जरा आडवी झाली तेव्हा मी सहज तिच्या पोटावर हात ठेवला. डोकं एका कुशीला, ढुंगण दुसऱ्या कुशीला. मूल आडवं होतं. माझ्या आईनं अशी मुलं फिरवलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, स्वतःही फिरवली होती. एरंडेल कोमट करायचं, एका हातानं डोकं खाली रेटायचं, दुसऱ्या हातानं ढुंगण वर. मी तेल घेऊन बसले. वर्षाली म्हणाली, आई आज नको, दमलेय, उद्या बघू. मी म्हटलं, उद्या काय नि आज काय, दोन मिनिटांचं काम. तिला दुखत होतं. ती ओठ दाबून पडून राहिली, कारण तिची आई दापोडीतली नावाजलेली सोजरमावशी होती. मूल फिरलं. मला असा काही गर्व झाला की मी शेजारणीला बोलावून तिचं पोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी निरंजन तिला घरी घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगावरून जायला लागलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत पोटातलं मूल गेलं होतं. मुलगा होता.

मी धावत गेले तेव्हा खोलीत आम्ही दोघी आणि डॉक्टरीणबाई, एवढ्याच होतो. बाई म्हणाल्या, वार आधीच सुटली, कधी कधी असं होतं, कारण नक्की सांगता येत नाही. पडलात का? कसला धक्का बसला का? पोटाला कुणी मालिश केली का? वर्षालीनं माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे बघत म्हणाली, “नाही. कुणी हातसुद्धा लावला नाही.”

त्यानंतर ती त्या विषयावर माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. ती फक्त यायची थांबली. दिवाळीला नाही, संक्रांतीला नाही. फोन केला की बरी आहे म्हणायची. तिनं मला वाचवलं आणि तोडलं, दोन्ही एकाच वाक्यात. आपलेच दात आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

चिंचवडला एका डॉक्टरबाईंच्या बाळाला मी न्हाऊ घालत होते. त्यांना एकदा विचारलं, आमच्याकडच्या एका बाईनं असं असं केलं, म्हणून. त्या म्हणाल्या, सातव्या महिन्यात मूल आडवं असणं काही विशेष नाही मावशी, बहुतेक मुलं आपोआप फिरतात. बाहेरून जोर लावला तर वार सुटायचा धोका असतो. त्यामुळेच झालं असं मात्र सांगता येत नाही, नसेलही. मग बाळाचं दुपटं घडी घालत त्यांनी विचारलं, “पण घाई कशाला केली त्या बाईनं?”

मी म्हटलं, बाई अडाणी होती. त्या दिवसापासून मी कुणाच्या पोटाला हात लावलेला नाही. पाठ, पाय आणि बाळं, एवढंच.

दवाखान्यात पोहोचले तेव्हा नऊ वाजले असतील. लेबर रूमच्या बाहेर निरंजन बाकावर बसला होता. मला बघून उठला, चहा आणतो म्हणाला आणि जो गेला तो बराच वेळ आलाच नाही. बिचाऱ्याला मला इथून घालवणंही जमेना आणि माझ्याजवळ बसणंही जमेना. आतमध्ये बाईसोबत एका बाईमाणसाला राहू देतात, असा आता नियम आहे. वर्षालीसोबत तिची सासू रुक्मिणीबाई होती. नऊवारी नेसणारी, मशेरी लावणारी खेडकडची बाई, आणि वर्षाली तिला मम्मी म्हणते. मला त्याचं पूर्वी हसू यायचं. त्या सकाळी नाही आलं.

दाराच्या फटीतून वर्षालीचा आवाज येत होता. आईला तो शंभर आवाजांत कळतो. कळ चढताना ती दात आवळते, लहानपणी ताप आला की आवळायची तशी. शेवटी दम सुटला की मग कण्हते. मी बाकावर बसून कळा मोजल्या. दर पाच मिनिटांना एक येत होती. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं.

तेवढ्यात दाराशी एक पोरगा सिस्टरला हात जोडताना दिसला. हाताला काळं ऑईल, अंगावर गॅरेजचा शर्ट, डोक्यावर जाळीची गोल टोपी. त्याचं नाव अजिम. बायको आत आहे, पहिलटकरीण आहे, एकटी घाबरलीय, मला तिच्याजवळ बसू द्या, असं तो हिंदीत सांगत होता. सिस्टर म्हणाली, आत बायका आहेत, पुरुष चालत नाही, घरातली कुणी बाई आण. तो म्हणाला, अम्मी तिकडं बिहारात, सिवानला, इथं तळवड्यात आम्ही दोघंच, कोण आणू?

मी उठले. कशी उठले मला माहीत नाही. दया आली म्हणून उठले असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल, पण खोटं ठरेल. त्या दारातून आत जायची वाट मला दिसली, म्हणून मी उठले.

“मी हाय की तिची मावशी,” मी म्हटलं.

सिस्टरनं माझं कुंकू पाहिलं, त्या पोराची टोपी पाहिली. मग तिनं विचार करायचं सोडून दिलं. आत तीन बायका होत्या आणि ती एकटी होती. चपला काढा, हा गाऊन घाला, तेल-बिल काही आणलं असेल तर बाहेर ठेवा, आणि पोटाला हात लावायचा नाही, असं तिनं एका दमात सांगितलं. शेवटचं वाक्य ती सगळ्यांनाच सांगत असेल. माझ्या मात्र ते वर्मी लागलं.

आत ओळीनं खाटा होत्या आणि मधे हिरवे पडदे. अजिमची बायको सुरय्या तिसऱ्या खाटेवर होती. पलीकडे खिडकीजवळ चौथी खाट. पडद्याखालून मला रुक्मिणीबाईंचे भेगाळलेले पाय दिसले. मधे हातभर अंतर आणि एक कापड, बस्स.

सुरय्या वीस वर्षांचीही नसेल. खाटेची दांडी धरून कुशीवर पडली होती, डोळे गच्च मिटलेले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, मैं मौसी है, डरनेका नै. माझं हिंदी हे असंच. तिला ते कळलं की नाही कोण जाणे, पण तिनं माझं मनगट धरलं ते सोडेचना.

तिच्या सगळ्या कळा कमरेत येत होत्या. अशा कळा फार वाईट. पोटात दुखलं तर बाई ओरडते तरी, कमरेत आलं की तिचा आवाजच बंद होतो. मी तिला डाव्या कुशीवर नीट वळवली, दोन गुडघ्यांच्या मधे उशी दिली आणि माकडहाडाच्या वर जो तिकोनी सपाट भाग असतो तिथं तळहात टेकवला. इथं बोटं कामाची नाहीत. तळहाताचा मनगटाकडचा जाड भाग लावायचा, कोपर ताठ ठेवायचं आणि आपल्या अंगाचं वजन हळूहळू हातावर सोडायचं. कळ चढेल तसं दाबत जायचं, कळ उतरेल तसा हात हलका करायचा. मधल्या वेळात चोळत बसायचं नाही, नुसता हात ठेवून द्यायचा, म्हणजे बाईला कळतं की आपण आहोत. दोन कळांनंतर सुरय्यानं दांडी सोडली. चौथ्या कळेला ती म्हणाली, “यहीं, मौसी, यहीं.”

आणि पडद्यापलीकडे रुक्मिणीबाई तव्याची काजळी काढावी तशी माझ्या लेकीची पाठ घासत होत्या. मला आवाजावरून कळत होतं. भराभर, वर-खाली, कळ असो नसो. भली बाई, जीव तोडून करत होती, पण चुकीचं करत होती. अशानं कातडी जळजळते आणि कळ आहे तिथंच राहते. दोनदा वर्षाली म्हणाली, “मम्मी, राहू द्या, नको.” तिसऱ्यांदा नुसतंच हुंदका आल्यासारखं झालं आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

पुढची कळ दोघींना जवळजवळ एकदमच आली. मी सुरय्याच्या कमरेवर हात टेकवला आणि मोठ्यानं, अगदी गल्लीत हाक मारावी तसं बोलायला लागले, “चोळायचं न्हाई. हात एका जागी ठिवायचा. माकडहाडाच्या वर, चार बोटं. आता वजन सोडायचं. घाई न्हाई करायची. कळ वर चढतीया तसं दाबत जायचं.”

सुरय्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, “क्या बोल रही हो, मौसी?” मी म्हटलं, कुछ नै बेटा, तू सास ले.

पलीकडचं घासणं थांबलं. वर्षालीचाही आवाज थांबला. माझा आवाज तिनं ओळखला होता, न ओळखून कसं चालेल? मी सुरय्याच्या कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहिले. आता ती सिस्टरला हाक मारेल, माझ्या आईला बाहेर काढा म्हणेल, आणि तिचं बरोबरच असेल. मी वाट बघत होते.

मग वर्षाली म्हणाली, “मम्मी, त्या बाई सांगतायत तसं करा.”

त्यानंतर दोन-अडीच तास आम्ही असंच केलं. मी सुरय्याच्या कमरेवर हात ठेवून पडद्याला सांगायचे, आणि पडद्यापलीकडे एक परका हात माझ्या लेकीच्या कमरेवर माझं काम करायचा. आता दोन्ही तळहात खुब्यांवर ठेवा आणि दोन्हीकडून आत दाबा. आता तिला उठवून बसवा, खाटेवर पुढं वाकू द्या. आता पायाच्या पोटऱ्या चोळा, गोळे आले असतील. रुक्मिणीबाई हुशार बाई, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. वर्षालीचा श्वास लांब झाला. दात आवळायची थांबली. एकदा कळ उतरल्यावर ती “हं” म्हणाली, लहानपणी केसांना तेल लावताना म्हणायची तसं. मी सुरय्याच्या पाठीवर डोकं टेकलं आणि तोंड दाबून रडले. ती बिचारी मलाच थोपटायला लागली.

एक वाजायच्या सुमाराला पलीकडे धावपळ झाली. डॉक्टर आले, सिस्टर आली, लाव जोर, अजून थोडा, असं चाललं. आता माझं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पडद्याकडे बघत हात जोडून उभी होते. मग बाळ रडलं. खणखणीत रडलं. सिस्टर म्हणाली, मुलगी आहे, छान आहे.

डॉक्टर गेल्यावर, सगळं आवरल्यावर पडदा बाजूला झाला. रुक्मिणीबाई दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन उभ्या होत्या. शिकवणाऱ्या बाईचे आभार मानायला आल्या होत्या. मला बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“विहीणबाई? तुमी व्हय ह्या?” त्या म्हणाल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणीच वाहायला लागलं. त्यांनी बाकी काही विचारलं नाही, बाळ सरळ माझ्या हातांत दिलं. “घ्या. तुमची नात हाय.”

घेतलं. तीन किलोला जरा कमी, हाताला कळतं. नाक वर्षालीचं. हजार बाळं माझ्या हाताखालून गेली असतील, पण त्या बाळाच्या मानेखालचा हात मी तीन-तीनदा नीट केला.

रुक्मिणीबाई पदरानं डोळे पुसत बोलत होत्या. “देवानं पदरात घातलं, विहीणबाई. मागल्या टायमाला माज्या पापानं गेलं. तुमच्याकडनं आली त्याच दिशी म्याच तिला सहा आसनी रिक्षात बसवून भणीकडं नेली हुती, मोशीच्या खड्ड्यातनं. लई धक्के बसले. दुसऱ्या दिशी अंगावरनं गेलं. दोन वरसं झाली, मला झोप न्हाई. जेवायला बसलं की घास उतरत न्हाई. तुमची लेक एका शब्दानं बोलली न्हाई मला. तुमी बी न्हाई बोलला. ह्या खेपेला माहेरला धाडलं न्हाई म्हून तुमी रागावला असाल, पर तीच म्हणली, मम्मी मी तुमच्याजवळच ऱ्हाते.”

मला हे ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं. मी मान वर केली. वर्षाली खाटेवर पडली होती, चेहरा घामानं ओला, पांढराफटक. ती माझ्याकडेच बघत होती. तिनं मान हलवली. अगदी जराशी, डावीकडे आणि उजवीकडे. बोलू नकोस.

मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी कुणालाही सांगणार नाही. पण समोर एक म्हातारी माझं पाप आपलं म्हणून रडत होती आणि मी तिच्याच हातातून नात घेऊन उभी होते. माझ्या छातीत दोन वर्षं जे अडकलं होतं ते वर आलं आणि मला वाटलं, आता बोलले की सगळं सरळ होईल. तिचं ओझं उतरेल. माझंही.

“विहीणबाई, तुमच्या गाडीनं काय झालं न्हाई,” मी म्हटलं. “डोहाळजेवणाला आली तवा मी तिचं पोट चोळलं. मूल आडवं हुतं ते फिरवलं. ती नको म्हणत हुती. झालं असंल तर माज्या हातानं झालं.”

रुक्मिणीबाईंचं रडणं थांबलं. मला क्षणभर वाटलं, त्यांना हलकं वाटतंय. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, माझ्या हातांकडे बघत राहिल्या. आणि मग मी मनात धरली नव्हती अशी एक गोष्ट झाली. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. त्या हळूच वळल्या आणि वर्षालीकडे बघून म्हणाल्या, “तुला ठावं हुतं.”

वर्षालीनं डोळे मिटले.

“दोन वरसं माजं रडणं बघत हुतीस तू. देवळात नाक घासताना बघत हुतीस. मी म्हणायची माज्यामुळं गेलं, आन् तू माजी पाठ थोपटायचीस.”

“मम्मी, मी सांगणार होते,” वर्षाली म्हणाली. तिचा आवाज कसाबसा निघत होता. “बाळ नीट झालं की सांगणार होते. घरी, आपण दोघीच असताना. मी ठरवलं होतं.”

ज्या सुनेनं आपल्याला दोष दिला नाही म्हणून रुक्मिणीबाई तिला देवघरात ठेवायच्या बाकी होत्या, त्या सुनेनं त्यांना दोन वर्षं जाळलं होतं. आईला वाचवण्यासाठी. हे कुठल्या सासूनं कसं गिळायचं?

वर्षालीनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. राग असता तर मला पेलला असता. ती फक्त फार दमलेली होती.

“मी मान हलवली होती, आई,” ती म्हणाली. “तू बघितलंस. तुला थांबताच येत नाही गं.”

रुक्मिणीबाईंनी बाळ माझ्या हातांतून घेतलं. हिसकावलं नाही, नीट मानेखाली हात घालून घेतलं. पण त्यांनी ते वर्षालीलाही दिलं नाही. खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या, आम्हा दोघींकडे पाठ करून. बाळ त्यांच्या मांडीवर चुळबुळ करत होतं. त्याला आईजवळ घ्यायला हवं होतं, भूक लागली असणार. मला ते कळत होतं आणि सांगायची सोय नव्हती. वर्षाली त्या पाठीकडे बघत पडून होती. ज्या घरात तिला राहायचं होतं, त्या घराची ती पाठ होती.

सिस्टर आली. हे काय संमेलन भरवलंय, म्हणाली आणि पडदा ओढून घेतला. मी अलीकडे राहिले.

काय केलं मी? पुन्हा तेच केलं. लेकीनं एक गोष्ट जपून, वेळ बघून, आपल्या हातानं सरळ करायची ठरवली होती, आणि मी मधे हात घातला. तेव्हा बाळ गेलं. आज काय गेलं ते अजून कळायचं होतं. पण पडद्यापलीकडे त्या दोघींमधे जी शांतता होती ती मला ऐकू येत होती, आणि ती माझी होती.

“मौसी,” सुरय्या म्हणाली.

तिची कळ चढत होती. मला सवयीनं कळलं, तिच्या पाठीचे स्नायू आधीच ताठ व्हायला लागतात. मी वाकले, कोपर ताठ केलं, तळहात पुढं नेला आणि तिच्या कमरेपासून वीतभर अंतरावर माझा हात थांबला. पुढं जाईना.

“दबाऊं?” मी विचारलं.

इतक्या वर्षांत हे मी कुणालाही विचारलं नव्हतं. पोटच्या पोरीलाही नाही. सुरय्यानं उशीत तोंड खुपसलं होतं, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कळ अर्ध्यावर आली होती. आत्ता दाबलं नाही तर उशीर होईल, हे माझ्या हाडाहाडाला कळत होतं. मी हात तसाच धरून उभी राहिले. मग तिनं मान हलवली, हो म्हणून. तेव्हा मी हात टेकवला.